केरबानं काढलेली बारशाची कॅसेट

टेंभरवाडीत शहाणी माणसं एवढी झाली होती की संध्याकाळी पारावर बसायला जागा पुरायची नाही. भोळा मात्र अख्ख्या गावात एकटाच. त्याचं नाव केरबा. त्याची पिठाची गिरणी होती.

भोळा म्हणजे किती, ते आधी ऐका. एकदा त्याच्या आईला खोकला झाला. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "दुधाबरोबर द्या." घरची म्हैस तेव्हा आटलेली. केरबानं गोळ्या फडताळात नीट ठेवल्या आणि म्हैस व्यायची वाट बघत बसला. म्हैस व्याली तोवर खोकला कंटाळून निघून गेला होता. पण डॉक्टरचा शब्द मोडायचा कसा? केरबानं चांगल्या ठणठणीत आईला धरून बसवलं आणि गोळ्या दिल्याच.

त्याला कुणी काही सांगितलं की तो ते करायचा. एवढाच त्याचा दोष. आता सांगणाऱ्यांची आपल्याकडे काय टंचाई? देवानं तोंड दिलंय तेच दुसऱ्याला सांगायला.

केरबाची धाकटी बहीण मालन. तिचा नवरा आनंदराव, म्हणजे केरबाचे दाजी, बोटीवर कामाला. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. देव झाले, डॉक्टर झाले, देवाचे डॉक्टर झाले, आणि एकदाचे मालनला दिवस गेले. नेमकी तेव्हाच दाजींची रजा संपली. निघताना दाजींनी केरबाला गोठ्यामागं नेलं आणि हातात एक काळी पिशवी दिली. पिशवीत व्हिडिओ कॅमेरा.

"केरबा," दाजी म्हणाले, "पोर व्हईल तवा मी समुद्रात असणार. एवढी वर्सं वाट बघितली, आन् आता तोंड बघायला आणि वरीसभर थांबायचं. जीव ऱ्हात न्हाई रं. तेवढं बारसं काढून कॅसेट पाठीव. पोराचं तोंड दिसलं म्हंजे झालं. बाकी कायबी न्हाई दिसलं तरी चालंल."

"दिसंल की," केरबा म्हणाला.

"तुला हे चालवाय येतंय?"

"न्हाई."

दाजी जरा घुटमळले. पण बोटीवरचा माणूस, प्रत्येक गोष्टीची सोय करून निघणारा. त्यांनी शहरातून निघणारं एक मासिक केरबाच्या नावावर सुरू करून दिलं. 'घरगुती चित्रफीत'. हौशी लोकांनी घरबसल्या शूटिंग शिकावं म्हणून ते निघायचं. दर महिन्याला एक धडा.

"ह्यात जे छापलंय तसंच करायचं," दाजी म्हणाले. "आपली अक्कल घालायची न्हाई."

"न्हाई घालत," केरबा म्हणाला. तो शब्दाचा पक्का.

पहिला अंक एसटीनं आला. धड्याच्या वर धडा लिहिणाऱ्याचा फोटो होता. फोटो हललेला होता. खाली लिहिलं होतं, 'नवशिक्यांची सर्वात मोठी चूक म्हणजे कॅमेरा हलणे. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवा आणि काही झाले तरी हलू देऊ नका.'

केरबानं वाचलं, मान डोलावली आणि अंक गिरणीतल्या खिळ्याला अडकवला.

"आता आलं," तो म्हणाला.

चार दिवसांनी बेंदूर होता. बेंदराला आमच्याकडं बैल सजवतात आणि वेशीवर बांधलेल्या दोराकडं पळवत नेतात. ज्याचा बैल पहिला दोर तोडेल त्याची वर्षभर मिजास. त्या वर्षी रामू चौगुल्याच्या बैलावर सगळ्यांची नजर. रामू गिरणीत येऊन बसला. म्हणाला, "केरबा, माझ्या बैलाचं शूटिंग पायजे. पोरांच्या पोरांनी बघावं असं."

केरबानं तिपाई घेतली. तिचे पाय वेशीपुढच्या मातीत गुडघाभर पुरले. वर दोन दगड ठेवले. कॅमेरा सुतळीनं आवळला आणि समोर खुंट्याला बांधलेल्या बैलाच्या तोंडावर लावला. बैल बघण्यासारखा होता. शिंगांना बेगड, पाठीवर झूल. मग हलगी कडाडली आणि बैल सुटला.

संध्याकाळी सरपंचांच्या घरी कॅसेट लावली. व्हिडिओ गावात तेवढाच. रामूनं घरची, शेजारची, पाहुण्यांची माणसं आणली होती. पडद्यावर आधी बैल दिसला. मग बैलाची शेपटी दिसली. मग खुंटा दिसला. खुंटा बराच वेळ दिसला. मागून लोकांचं ओरडणं ऐकू येत होतं, "तोडला! तोडला!" खुंट्यावर एक कावळा येऊन बसला. तोही कंटाळून गेला.

"माझा बैल कुटं हाय?" रामूनं विचारलं.

"गेला न्हवं का पळत," केरबा म्हणाला. "तू बी व्हतास की तितं."

"आरं मर्दा, बैल पळाला तर कॅमेरा त्याच्या मागनं फिरवायचा का न्हाई?"

"हलवायचा न्हाई म्हणून छापलंय."

"जो हलंल त्याच्या मागं कॅमेरा न्यायचा! खुंट्याचं काय लोणचं घालू?"

केरबाला वाईट वाटलं. पण दुसरा अंक आला आणि काय नवल, त्यात तेच छापलेलं. 'हलणारी वस्तू सोडू नका. ती जाईल तिकडे कॅमेरा वळवा.' धडा चांगला होता. महिनाभर उशिरा आला एवढंच. आयुष्यात सगळेच धडे असे येतात, पण त्यांची कुणी वर्गणी भरत नाही.

केरबानं वाचलं, मान डोलावली आणि अंक खिळ्याला अडकवला.

"आता आलं."

त्या महिन्यात पाण्याच्या नव्या टाकीचं उद्घाटन निघालं. टाकीत पाणी नव्हतं, पण सरपंच अण्णासाहेबांकडं भाषण भरपूर होतं. त्यांनी केरबाला बोलावून घेतलं. रामूच्या खुंट्याचं त्यांना माहीत होतं. पण ते मनात म्हणाले, बैल पळाला म्हणून पंचाईत झाली. आपण कुठं पळणार आहोत?

खरंच, अण्णासाहेब भाषणाला उभे राहिले की पळायचे ते ऐकणारे. ते स्वतः एकाच जागी तासभर उभे राहत. हात मागं, मान ताठ, ओठ तेवढे हलणार. केरबानं त्यांच्यावर कॅमेरा लावला आणि वाट बघत राहिला. सरपंच हलेनात. टाकी हलेना. स्टेजवरचे पाहुणे तर झोपलेच होते. एवढ्यात स्टेजखालून एक कुत्रं निघालं. पिवळं, एक कान मोडका. ते चालत होतं.

केरबाचा जीव भांड्यात पडला. त्यानं कॅमेरा कुत्र्यावर नेला.

रात्रीची जेवणं व्हायच्या आत सगळा गाव सरपंचांच्या सोप्यात जमला. कॅसेट लागली. पडद्यावर कुत्रं आणि मागून अण्णासाहेबांचा खणखणीत आवाज.

"ह्या टाकीसाठी मी काय काय केलं ते मलाच ठाऊक," आवाज आला. कुत्र्यानं कान खाजवला.

"विरोधक माझ्यावर नाही नाही ते बोलले," आवाज आला. कुत्र्यानं मागं वळून बघितलं आणि दात दाखवले.

"पण मी डगमगलो नाही. आज तुमच्यासमोर हा कोनशिलेचा दगड उभा आहे. आणि ह्या दगडावर माझ्या हातून..." कुत्रं कोनशिलेपाशी गेलं आणि त्यानं पाय वर केला.

टाळ्या पडल्या. म्हणजे पडद्यावरही पडल्या आणि सोप्यातही पडल्या. अण्णासाहेबांचं भाषण गावानं शेवटपर्यंत ऐकलं ते आयुष्यात त्याच दिवशी. म्हातारा गेनबा तर म्हणाला, "दोनदा लावा."

अण्णासाहेबांनी व्हिडिओची वायर उपसली.

"केरबा! मी काय मेलो व्हतो तितं? कुत्र्यावर कॅमेरा लावतोस?"

"तुमी हालला न्हाईसा."

"आरं, कार्यक्रमाचा मुख्य माणूस कोण? मुख्य माणूस सोडून दुसऱ्याकडं बघायचं न्हाई! कुत्रं नाचलं तरी न्हाई, भूकंप झाला तरी न्हाई!"

केरबानं कान धरले. तिसरा अंक आला. 'मुख्य व्यक्ती कोण ते आधी ओळखा. जिच्यावाचून कार्य अडेल ती मुख्य व्यक्ती.' अण्णासाहेबांनी सांगितलं आणि अंकातही छापलं, म्हणजे ते दोनदा खरं झालं.

"आता आलं," केरबा म्हणाला.

मग थोरात पाटलांच्या थोरल्या मुलाचं लग्न आलं. पाटलांना कुणी तरी म्हणालं, "केरबाला नका सांगू." पण केरबा फुकट शूटिंग करायचा. फुकट म्हटल्यावर पाटलांच्या शंका मिटल्या.

केरबा मांडवात आला आणि मुख्य व्यक्ती शोधू लागला. नवरदेवाला विचारलं, तो लाजला. नवरीला विचारायची सोय नव्हती. वरमाई म्हणाली, "मलाच घे बाबा, शालू नवा हाय." मामा म्हणाला, "मी नसतो तर हे स्थळ जमलंच नसतं." ज्याला विचारावं तो स्वतःकडं बोट दाखवायचा. केरबा घामाघूम झाला.

एवढ्यात दिवे गेले. लाउडस्पीकर बसला, पंखे बसले. भटजी पोथी मिटून बसले. पाटील मांडवभर ओरडत सुटले, "जनरेटरवाला कुटं हाय? आरं त्याला आणा! त्याच्यावाचून लगीन अडलंय!"

केरबानं ते कानानं ऐकलं. अंकात छापलेलं वाक्य पाटलांच्या तोंडून. त्यानं तिपाई उचलली आणि मांडवामागं गेला.

जनरेटरवाला बाळू मिस्त्री मांडवामागं एकटाच होता. त्यानं दोरी ओढून जनरेटर सुरू केला. मग बिडी पेटवली. मग कॅमेरा दिसल्यावर बिडी विझवली आणि भांग पाडला. पुढं मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, हार पडले, नवरीची आई रडली. कॅसेटमध्ये हे सगळं ऐकू येतं. दिसतो तो बाळू मिस्त्री. मंगलाष्टकांना तो डिझेलच्या डब्याला टेकून पेंगतोय. सप्तपदीला फडक्यानं कान साफ करतोय. पंगतीत त्याला जिलब्या वाढल्या, त्या त्यानं कॅमेऱ्याकडं बघत इतक्या झोकात खाल्ल्या की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. बाळूच्या बायकोनं ती कॅसेट पाच-सहा वेळा मागून नेली. म्हणाली, आमच्या लग्नात पण हे एवढे छान दिसले नव्हते.

पाटील मात्र गिरणीवर चालून आले. पट्टा चालू होता म्हणून बचावला केरबा, नाही तर पाटील आत शिरले असते.

"तुझ्या आयला! पोराच्या लग्नात जनरेटर?"

"तुमीच म्हणालासा, त्याच्यावाचून अडलंय."

"आरं ए शहाण्या, कार्यात मुख्य कोण ते कळंना तुला? ज्याला नवी कापडं घालत्यात तो! ज्याला कुंकू-काजळ लावत्यात तो! बायका ज्याच्याभवती गोळा हून गाणी म्हणत्यात, हातोहाती ज्याला नाचवत्यात, तो मुख्य! येतंय ध्यानात?"

"आता आलं," केरबा म्हणाला. आणि ह्या वेळी त्याला खरंच वाटलं की आता आलं. एवढं स्वच्छ मासिकातसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं. नवी कापडं. कुंकू-काजळ. बायका, गाणी, हातोहाती. दळण घालतानासुद्धा तो हे पुटपुटायचा.

मधे उजेडाचा एक अंक येऊन गेला. 'उजेड चेहऱ्यावर पडू द्या' एवढं वाचून केरबा गॅसबत्ती घेऊन गोठ्यात गेला आणि म्हशीच्या तोंडावर धरली. म्हैस तिसऱ्या दिवशी सापडली, अण्णासाहेबांच्या उसात. त्याविषयी अण्णासाहेब जे बोलले ते कुठल्याही मासिकात छापता येणार नाही.

आणि मग मालन बाळंत झाली. मुलगा झाला. गोरा, जावळ दाट, आणि आवाज असा की गिरणीचा पट्टा चालू असला तरी वेशीपर्यंत ऐकू जावा.

"दादा," मालन केरबाला म्हणाली, "ह्यांनी दुसरं काय मागितलं न्हाई रं माझ्याकडं. बारशाचं तेवढं नीट काढ. खुंटा-कुत्रं नको करूस. तुझ्या पाया पडते."

"काळजी करू नगं," केरबा म्हणाला. "आता मला सगळं आलंय."

नशीब बघा, अंकसुद्धा नेमका तेव्हाच आला आणि धडासुद्धा नेमका तोच. 'लहान मुलांचे चित्रीकरण.' त्यात लिहिलं होतं, की मूल रडत असेल तर ते घेऊ नये, बघणाऱ्याला त्रास होतो. फार हलणारं मूल घेऊ नये, ते अंधुक येतं. सावलीत घेऊ नये. आणि कॅमेऱ्याच्या काचेवर तलम कापड लावावं, म्हणजे चेहरा मऊ, गोड दिसतो. केरबानं मैदा चाळायच्या चाळणीचं कापड कापलं आणि काचेवर ताणून बांधलं. आतून बघितलं तर अख्खी टेंभरवाडी धुक्यात. छान वाटलं त्याला.

आता बारशाला आमच्याकडं काय करतात ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाळणा सजवतात, त्यात बाळ ठेवतात. पण बाळाच्या आधी मान असतो वरवंट्याचा. हो, पाट्यावर चटणी वाटायचा तो दगडी वरवंटा. त्याला धुऊन तेल चोळतात. अंगडं घालतात, टोपडं बांधतात, कुंकू-काजळ लावतात. बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात आणि गाणी म्हणत तो वरवंटा ह्या हातातून त्या हातात, पाळण्याखालून, पाळण्यावरून फिरवतात. बाळ वरवंट्यासारखं टणक व्हावं म्हणून. मग बाळाची आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि बायका तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घालतात. हे का घालतात ते मला आजवर कळलेलं नाही. पण घालताना बायकांच्या तोंडावर जो आनंद असतो तो बघून विचारायचं धाडस झालेलं नाही.

बारशाला घरात पुरुष एकटा केरबा. तिपाई लावून तयार. बायका जमल्या. केरबानं कॅमेऱ्यातून बघितलं.

पाळण्यात पोर होतं. ते रडत होतं. हातपाय झाडत होतं. पाळण्याच्या झालरीची सावली नेमकी त्याच्या तोंडावर. शिवाय अंगावर काय, तर एक जुनं धुवट दुपटं. नवीन कापड बाळाला टोचतं म्हणून आजीनं जुनंच गुंडाळलेलं. नजर लागू नये म्हणून तोंड अर्धं झाकलेलं.

आणि इकडं वरवंटा. नवं मखमली अंगडं. जरीचं टोपडं. ठसठशीत कुंकू, रेखीव काजळ. दारातलं ऊन थेट तोंडावर. सगळ्या बायका त्याच्याभोवती. सगळ्यांच्या गळ्यात त्याचंच गाणं. ह्या हातातून त्या हातात, त्या हातातून ह्या हातात. आणि रडणं नाही, हलणं नाही, कॅमेऱ्याकडं बघून लाजणं नाही.

मासिकाच्या एकाही नियमात पोर बसत नव्हतं. वरवंटा सगळ्या नियमांत बसत होता.

तो वरवंटा आहे हे केरबाला ठाऊक होतं बरं का. त्याला वेडा समजू नका. पण आपली अक्कल घालायची नाही हे दाजींचं सांगणं होतं.

त्यानं कॅमेरा वरवंट्यावर लावला. वरवंटा खालून गेला, कॅमेरा खालून गेला. वरवंटा वर आला, कॅमेरा वर आला. मग आत्या पाळण्यावर वाकली, कानात नाव सांगितलं, रणजित. गुद्दे पडले. ते कॅसेटमध्ये नाही. कॅसेटमध्ये तेव्हा वरवंटा पाटावर बसलेला आहे आणि शेजारून अधूनमधून आत्याचं कोपर येतं. शेवटी केरबानं जवळ जाऊन नुसत्या तोंडाचं शूटिंग घेतलं. चांगलं निवांत. वरवंट्यानं पापणीसुद्धा हलवली नाही.

"आलं का रं सगळं?" आईनं विचारलं.

"आई, येवडं झकास कदीच आलं नव्हतं."

मालनला कॅसेट बघायची होती. पण अण्णासाहेबांच्या सोप्यात केरबाला बंदी होती, आणि शिवाय मासिकात छापलं होतं की मूळ कॅसेट उगाच लावून झिजवू नये. केरबानं ती गोणपाटात शिवली आणि टपालात टाकली.

दीड-दोन महिन्यांनी ग्रामपंचायतीच्या फोनवर दाजींचा फोन आला. मालन पळत गेली. मागं आई, आईच्या मागं शेजारणी, शेजारणींच्या मागं पारावरची गर्दी. फोन जुना, पलीकडचा माणूस बोलला की खोलीभर ऐकू यायचं.

"मालन, बघितलं गं, बघितलं!" दाजींचा आवाज चिरकला होता. "सगळ्या बोटीला पेढं वाटलं. काय पोरगं हाय गं! एवढ्या बायकांनी खाली-वर केलं, मागं कुणाचं तरी पोर बोंबलत व्हतं, पर आपलं हूं न्हाई की चूं न्हाई."

मालन चक्रावली. पोरानं त्या दिवशी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. पण सासरच्या माणसानं पोराचं कौतुक केलं की खोडायचं नसतं.

"तुमचंच हाय," ती लाजत म्हणाली.

"रंगानं माझ्यावर गेलंय. काळंकुट्ट."

मालननं वळून आईकडं बघितलं. आई मागून कुजबुजली, "कॅमेऱ्यात रंग उतरतो. व्हय म्हण."

"व्हय," मालन म्हणाली.

"आन् वजनाला चांगलं दिसतंय. आमच्या अक्काच्या हातात दिलं तशी तिची कंबरच वाकली."

"भरलंय जरा अंगानं."

"डोकं तेवढं लांबट वाटलं."

आईनं फोन हिसकावून घेतला. "जावईबापू, सगळ्या लेकरांचं असतंय. मी रोज तेल लावून चोळतीया. हूतंय गोल."

"नगा चोळू, मामी!" दाजी कळवळून म्हणाले. "जसं हाय तसंच ऱ्हाऊ द्या. मला तसंच आवडलंय. रोज जेवायच्या आधी बघतोय मी त्याला. आन् केरबाला सांगा, बोटीवरचा कप्तान म्हणाला, असं शूटिंग आजवर बघितलं न्हाई."

केरबा कोपऱ्यात उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गावात तोवर त्याला कुणी शाबास म्हटलं नव्हतं. पारावरच्या लोकांनी एकमेकांकडं बघितलं. अण्णासाहेब पुटपुटले, "मग माझ्याच टायमाला काय झालं हुतं ह्याला?"

दिवस गेले. रणजित उपडं पडायला लागला, रांगायला लागला, भिंत धरून उभा राहायला लागला. दाजी येईपर्यंत मालन माहेरीच होती. आणि एक दिवस सकाळच्या एसटीनं दाजी उतरले. खांद्यावर बॅग, बगलेत केवढा तरी खेळण्यातला घोडा. वेशीपासून घरापर्यंत गावानं त्यांना पोचवलं. बापलेकांची पहिली भेट कोण चुकवतो?

दाजी उंबऱ्यात उभे राहिले. मालन नवं लुगडं नेसून पुढं आली. काही बोलायला तिला सुधरेना. तिनं पोराला त्यांच्या हातात दिलं.

पोरानं बापाकडं बघितलं, भोकाड पसरलं, दाजींची मिशी धरली आणि पाय झाडून घोडा खाली पाडला.

दाजींनी त्याला हातभर लांब धरलं. उजेडाकडं फिरवलं. टोपड्याबाहेर आलेलं दाट जावळ बघितलं, गोरे गाल बघितले, वाकडे झालेले ओठ बघितले.

"हे कुणाचं पोर?" त्यांनी विचारलं.

"म्हंजे?" मालन म्हणाली.

"आपलं कुटं हाय?"

"आवो, हेच की! हाच रणजित!"

दाजी हसले. मग हसायचे थांबले. "मालन, चेष्टा करू नगं. सा म्हैनं रोज बघतोय मी. काळं, गुळगुळीत, टोपड्याबाहेर एक केस न्हाई. शांत कसं, तर देवासारखं. आन् हे बघ! हे ते न्हवं."

मालनचा चेहरा पांढरा पडला. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. आईनं कपाळाला हात लावला. दारातली गर्दी आणखी पुढं सरकली. एक शेजारीण दुसरीला म्हणाली, "मला वाटलंच हुतं." तिला काय वाटलं होतं ते तिलाही माहीत नव्हतं. बाहेर अण्णासाहेब कुणाला तरी सांगत होते की दवाखान्यात पोरं बदलतात, आपण स्वतः असं ऐकलंय. आणि मालन तर घरात बाळंत झाली होती.

"देवाशपथ सांगते," मालन हुंदके देत म्हणाली, "ह्योच तुमचा..."

"मग कॅसेट खोटी काय?" दाजींचा आवाज चढला. त्यांनी पोराला आईच्या मांडीवर ठेवलं. गर्दीत नजर फिरवली. "केरबा! हिकडं ये. तू शूटिंग केलंस. तू खोटं बोलत न्हाईस. बारशाच्या कॅसेटमधलं माझं पोरगं घरात हाय का न्हाई?"

सगळ्यांच्या माना केरबाकडं वळल्या. केरबा एकटाच शांत होता.

"हाय की," तो म्हणाला.

मालननं रडणं थांबवून त्याच्याकडं बघितलं.

"कुटं हाय?"

"सैपाकघरात."

"मग आण त्याला! आत्ताच्या आत्ता आण! जीव टांगणीला लागलाय माझा!"

"आणतो की," केरबा म्हणाला. जाता जाता त्यानं रणजितच्या डोक्यावरचं बारशाचं जरीचं टोपडं काढून घेतलं. दाजींना लगेच ओळख पटावी म्हणून.

आत भांड्यांचा आवाज झाला. मग स्वयंपाकघराच्या अंधारातून केरबा आला. छातीशी धरलेलं, टोपडं घातलेलं, काळंसावळं, शांत. रडणं नाही, हातपाय झाडणं नाही.

दाजींचे डोळे भरून आले.

"ह्योच!" ते ओरडले. "ह्योच माझा राजा!"

ते धावत गेले, डोळे मिटले, टोपड्याखालच्या तोंडाला तोंड लावलं आणि कचकचून मुका घेतला.

"हळू, दाजी," केरबा म्हणाला, "आईनं आत्ताच मिरच्यांचा खर्डा वाटलाय."